सत्यजितचे सारस

"फोन बंद कर आणि इकडे दे," सत्यजित म्हणाला. गाडीनं नुकतंच लखनऊच्या वेशीवरचं चिनहट मागं टाकलं होतं.

देवदत्तनं निमूटपणे फोन दिला. सत्यजितनं तो आपल्या बाजूच्या दाराच्या कप्प्यात सरकवला.

"पक्ष्यांना त्रास होतो," त्यानं कारण सांगितलं.

"अच्छा? गाडीत कुठला पक्षी बसलाय?"

सत्यजित हसला नाही. सारसांच्या बाबतीत तो कधीच हसत नसे. फैजाबाद रोडवरून आत बरंच दूर, भातशेतीमधल्या एका तळ्यात त्याला सारसांच्या जोडीचं घरटं सापडलं होतं. हजरतगंजच्या प्रदर्शनात त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा खाली स्थळ म्हणून त्यानं 'लखनऊ परिसर' एवढंच लिहिलं. पूर्वी दुसऱ्या एका घरट्याचा पत्ता फुटला होता. तिथं कॅमेरेवाल्यांच्या गाड्यांची रांग लागली आणि जोडी अंडी टाकून निघून गेली. म्हणून तो जागा कुणाला सांगत नसे. कारण खरंच होतं. पण त्या खऱ्या कारणाच्या पोटात आणखी एक कारण सुखानं नांदत होतं. असा फोटो दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

देवदत्तलासुद्धा त्यानं सांगितलं नव्हतं. इंदिरा नगरात दोघं समोरासमोर राहत. सत्यजित सांगलीचा, संशोधन संस्थेत; देवदत्त अकोल्याचा, बँकेत. बाकी सगळीकडे कॅमेरे घेऊन दोघं जोडीनंच भटकत. देवदत्तनं एकदाच विचारलं होतं, "कुठली रे ही जागा?" सत्यजित म्हणाला, "सांगू कधीतरी." त्यानंतर देवदत्तनं पुन्हा विचारलं नाही, आणि सत्यजितला तेच खुपत होतं. ज्याला खरंच ठाऊक नसतं, तो पुन्हा विचारतो.

आता देवदत्तची नागपूरला बदली झाली होती. "अहो, जाण्याआधी दाखवा की एकदा भावजींना," सत्यजितची बायको हेमा त्याला म्हणाली. "ती जागा काय सरणावर घेऊन जाणार आहात?" सत्यजितनं हिशेब मांडला. गाव सोडून जाणाऱ्या माणसापासून धोका कमी. म्हणून आजचा रविवार.

तरी त्यानं गाडी उगाचच आडगावांतून फिरवली. एका पिंपळाला तर दोनदा वळसा घातला.

"हा पिंपळ ओळखीचा वाटतोय," देवदत्त म्हणाला.

"यूपीतले सगळे पिंपळ सारखेच असतात."

कालव्याच्या पुलापलीकडे एक खड्डा होता. पावसाळ्यात तो पाण्यानं भरून जाई आणि अजिबात दिसत नसे. आजही दिसत नव्हता. पूल आला तसा देवदत्तनं पायाशी ठेवलेली कॅमेऱ्याची बॅग उचलून पोटाशी धरली. मग गाडी आदळली.

सत्यजितनं मनात पहिली रक्कम लिहिली.

पुढं चहाची टपरी लागली. टपरीवरच्या म्हातारीनं सत्यजितला विचारलं, "चीनी कितनी, भैया?" देवदत्तला काही न विचारताच तिनं त्याच्यासाठी वेगळा चहा उकळून ग्लास हातात दिला.

"बिनसाखरेचा आहे?" सत्यजितनं विचारलं.

"हं."

"तिला कसं कळलं?"

"शुगरवाल्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं यार," देवदत्त म्हणाला आणि ग्लासात बघत फुंकर मारत राहिला.

दुसरी रक्कम.

गाडी ठेवून ते बांधावरून चालू लागले. बांधाला दोन फाटे फुटले तिथं सत्यजित मुद्दाम बुटाची नाडी बांधायला वाकला. "हो पुढं. आलोच मी." उजवीकडचा बांध रुंद होता, कोरडा होता. डावीकडचा अर्धा पाण्यात बुडालेला. देवदत्त डावीकडे वळला. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

आता आणखी रकमा लिहायची गरज नव्हती.

तळ्यात घरटं होतं. मादी अंड्यांवर बसली होती आणि नर लाल मान उंच करून भातावरून पहारा देत होता. सत्यजितनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं नाही. गवताआड दोघं बसले आणि भांडणही कुजबुजतच करावं लागलं. आवाज चढला असता तर जोडी उठली असती.

"तू इथं आला आहेस."

"हो."

"कधी?"

"गेल्या पावसाळ्यात. तुझ्या गाडीच्या मागं मागं आलो. राग आला होता तुझा."

"आणि मग?"

"मग येतच राहिलो. तू रविवारी यायचास, मी बँकेच्या सुट्टीच्या शनिवारी."

बेरीज बरोबर आली की माणसाला बरं वाटतं म्हणतात. सत्यजितला वाटलं नाही. आपल्या आजारपणात ज्याच्या हाती घराच्या किल्ल्या दिल्या, तोच हा माणूस.

"कुणाकुणाला दाखवलेस फोटो? का नागपूरला जाऊन प्रदर्शन लावणार आहेस? आण तो कॅमेरा."

देवदत्तनं गळ्यातला कॅमेरा काढून त्याच्या हातात ठेवला. सत्यजित बटण दाबत मागं मागं गेला. मुलीचा वाढदिवस. गोमतीवरची संध्याकाळ. गेल्या पावसाळ्यातली जांभळाची झाडं, शेतातली बुजगावणी, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी. सारस कुठंच नव्हते.

"दुसऱ्या कार्डात असतील."

"दुसरं कार्ड नाही."

"मग इतक्या वेळा येऊन करत काय होतास तू इथं?"

"बसायचो. बरं वाटायचं."

"आणि फोटो?"

देवदत्तनं कॅमेरा परत घेतला, लेन्सचं झाकण काढलं आणि शर्टाच्या टोकानं काच हलकेच पुसली.

"एकही काढला नाही यार. म्हटलं, तू आणशील तेव्हा काढू."