बाईंचे तिखट कान

वर्षभर वर्गाच्या बाई मावशीच्या भाचीच्या डायरीत एकच शेरा मारत होत्या, "ढोंगी आहे. हाक मारली तरी मुद्दाम ऐकत नाही." पोरीचं निम्मं वर्ष वर्गाबाहेर उभं राहण्यात गेलं. शेवटी मावशीनेच तिला आपल्या दवाखान्यात नेलं, कारण मावशीचं कामच मुळी लोकांचे कान तपासायचं. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे डिंकासारखं चिकट पाणी साठलेलं निघालं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून पडद्यांत तांदळाच्या कणीएवढ्या नळ्या बसवल्या. शुद्धीवर आल्यावर पोरीने पहिलं काय विचारलं, तर "मावशी, पंख्याला आवाज असतो?"

मावशीने डोळे पुसले आणि दातओठ खाल्ले.

महिन्याभरात शाळेतल्या शिक्षकांच्या कानांची तपासणी निघाली आणि त्याच बाई मावशीच्या काचेच्या खोलीत येऊन ऐसपैस बसल्या.

"आवाज आला की हे बटण दाबायचं हं, बाई," त्यांच्या कानांवर हेडफोन चढवत मावशी म्हणाली.

"अहो, मला काय सांगता! शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडते मी. आणि ढोंग तर लांबूनच ओळखते."

मावशीने दार लावलं. बाईंनी डोळे मिटून, मान डोलावत, एकोणीस वेळा बटण दाबलं. मग बाहेर येऊन ऐटीत विचारलं, "काय, शंभर टक्के ना?"

 

"मशीन मी अजून चालूच केलं नव्हतं, बाई. उद्या येताना पालकांना घेऊन या."