तोच निळा

कलाकाराने भट्टीचं दार उघडलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. ‘कलाकार’ हे त्याला भावोजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, ठेवलेलं नाव. त्यात कौतुक किती आणि टवाळी किती, हे त्याने कधी खोदून विचारलं नव्हतं. उत्तर मिळालं असतं, हीच भीती होती.

ही एकेचाळिसावी खेप. आधीच्या चाळीस खेपांत निळा सोडून बाकी सगळे रंग निघाले होते. राखाडी, शेवाळी, एकदा तर चहाची किटली जळून जावी तसा. दर वेळी त्याने दोष दुसऱ्यालाच दिला होता. मातीला, दमट हवेला, विजेच्या दाबाला. आज मात्र मनाशी ठरवूनच आला होता. नाही साधलं, तर भट्टी विकायची, चाक विकायचं, भाड्याच्या गॅरेजची किल्ली मालकाच्या हातात ठेवायची आणि पुन्हा मातीचं नाव काढायचं नाही.

त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. मधल्या फळीवर फुलदाणी उभी होती. निळी.

हा निळा त्याने आधी एकाच ठिकाणी पाहिला होता. ताईच्या बैठकीच्या खोलीत, आपल्याच फुलदाणीवर. आठ वर्षांपूर्वी तो नकाशे काढायची नोकरी करत होता आणि रविवारी माती शिकायला जात होता. ताईच्या वाढदिवसाला उशीर झाला म्हणून भट्टीतून निघालेली एक फुलदाणी त्याने धड न पाहताच कागदात गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. तीन आठवड्यांनी तो तिच्याकडे गेला, कपाटावर ती दिसली आणि हा जागीच खिळला. “हे मी केलं?” असं दोनदा म्हणाला. महिन्याभरात राजीनामा देऊन मोकळा झाला. पण तो रंग नेमका कसा आला, हे काही केल्या त्याला आठवेना. वर चढवायच्या काचलेपात काय किती घातलं, याची नोंदच नव्हती. प्रतिभावंत माणसं नोंदी ठेवत नाहीत, असा तेव्हा त्याचा समज होता.

ताईने दार उघडलं तर हा समोर उभा, टॉवेलात तान्हं बाळ आणावं तशी नवी फुलदाणी घेऊन. “सरक, सरक,” करत तो थेट कपाटाशी गेला. जुन्या फुलदाणीशेजारी नवी ठेवली आणि दोन पावलं मागे आला. रंग तोच. अगदी तोच. क्षणभर आपली उंची वाढल्यासारखं त्याला वाटलं.

मग नजर रंगावरून आकारावर गेली. जुनी रेघ मारल्यासारखी सरळ. नवी किंचित डावीकडे कललेली, शेजाऱ्यांचं बोलणं चोरून ऐकत असल्यासारखी. जुनीचा काठ गोल होता. नवीच्या काठाने गोल व्हायचा प्रयत्न केला होता.

तो मटकन खुर्चीत बसला. “बघितलंस, ताई? नवशिका होतो तेव्हा हात असा चालायचा. त्यानंतर आठ वर्षं रोज माती मळली, आणि हे असं. लोक पुढे जातात, मी चाकावर बसून मागे गेलो. संपलं. उद्या भट्टी विकून टाकतो.”

“काही विकू नकोस.”

“कशाच्या जोरावर ठेवू? जन्मात एकदाच काय ते जमलं होतं, ते हे!”

ताईने भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. ताईने ते खाली ओढलं.

“आज सांगूनच टाका. तुम्हीच आणली होती ना?”

भावोजींनी घसा साफ केला. “अरे, तुझी फुलदाणी चौथ्या दिवशीच फुटली. माझा कोपर लागला. तुला वाईट वाटेल म्हणून मी चौकातल्या दुकानातून ही आणून ठेवली. तू आलास की सांगणारच होतो. पण तू आलास, या फुलदाणीकडे पाहिलंस आणि तुझे डोळेच भरून आले. मग कोणत्या तोंडाने सांगू?”

तो उठला. जुनी फुलदाणी उलटी केली. बुडाला जाड कापड चिकटवलेलं होतं. आठ वर्षं त्याला तो ताईचा नीटनेटकेपणा वाटत आला होता. त्याने ते नखाने सोललं. खाली कारखान्याचा ठसा होता. ठशाखाली बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘दुय्यम प्रत’.

“हिच्यापायी मी नोकरी सोडली,” तो म्हणाला.

“म्हणून तर तोंड उघडलं नाही,” ताई म्हणाली. “त्या नोकरीत असताना इथे येऊन नुसता भिंतीकडे बघत बसायचास. त्या दिवशी पहिल्यांदा बडबडलास. मी ह्यांना म्हटलं, गप्प बसा.”

आठ वर्षं तो स्वतःवर जळत होता, आणि तेही चुकीच्या माणसावर. आधी त्याच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला, मग खांदे हलायला लागले. रडतोय असं वाटून ताई पुढे झाली. तो हसत होता.

“माझी कशी होती हो, भावोजी?”

“खरं सांगू? निळी नव्हती. आणि तिच्यातून पाणी गळायचं.”

ताईने दुकानातली फुलदाणी उचलून कपाटाच्या आत ठेवली. वर कललेली एकटीच राहिली. त्याने ती काठापासून चार बोटं आत सरकवली. मग भावोजींच्या कोपराकडे नीट पाहून म्हणाला, “ही फुटली तर दुकानात जाऊ नका. मला सांगा. आता मला करता येते.”