अर्ध्या ओळीचा हत्ती

कादंबरीकार लिफ्टमध्ये चिरडून मेला. पण ते राहू द्या, तसं काही झालंच नाही. आत्ता तो चांगला टुणटुणीत आहे आणि स्वतःच्या सत्काराला निघालाय.

प्राचीन महाकाव्यातलं युद्ध त्याने नव्या कादंबरीत सांगितलं होतं. त्यात मुलगा मेल्याची थाप गुरूला पटावी म्हणून त्या मुलाच्याच नावाचा हत्ती ठार मारतात. गुरूच्या शोकाला कादंबरीकाराने पानंच्या पानं दिली. हत्तीला अर्धी ओळ.

“अहो, बिचारा उगाच मेला. निदान एक पान तरी द्या त्याला,” बायको म्हणाली होती.

“का? हत्ती काय जाब विचारायला येणारे?”

पुस्तक बाजारात आलं आणि लिफ्टचं काहीतरी बिनसलं. कादंबरीकार एकटा आत शिरला, की वजन जास्त झाल्याचा भोंगा वाजायचा आणि दारं मिटायचीच नाहीत. बायको शिरली, तर हूं की चूं नाही.

दुरुस्तीवाल्याने आत उड्या मारून पाहिल्या. “लिफ्ट ठणठणीत आहे, साहेब. तुम्हीच जेवण आवरा.”

तेव्हापासून तो जिनाच वापरायचा. आज मात्र नव्या बुटांनी टाचा सोलल्या, म्हणून तो नाइलाजाने लिफ्टमध्ये शिरला. भोंगा वाजला नाही. दारं अलगद मिटली.

“सुटलो बुवा!” म्हणत तो मागे टेकला.

भिंत कोमट होती, खरखरीत होती आणि तिच्यावर राठ केस होते. मग ती पुढे सरकू लागली.

वरून लिफ्टमधला बाईचा ध्वनिमुद्रित आवाज गोडपणे म्हणाला, “वजन मर्यादेपेक्षा जास्त आहे. शेवटी आलेल्या प्रवाशाने कृपया बाहेर पडावे.”