सगळे टँकर पिशोरला

“आधी बघायची कमांड चालव, मग बदलायची. आणि चालवण्यापूर्वी हात माउसवरून काढ. काय निवडलंस ते डोळ्यांनी वाच.”

तिला हे काम शिकवणारे धम्मपालसर नोकरी सोडून गेले, तरी त्यांचा हा आवाज अक्षदाच्या कानात होता. आज तो क्षणभर उशिरा आला.

जिल्ह्यातल्या पाण्याच्या टँकरचं वाटप तिच्या डेटाबेसमधून होई. कुठल्या टँकरने कुठल्या गावाला जायचं ते तिथं बदललं, की चालकाच्या फोनवर बदले. पिशोरला पाणी कमी पडतंय असा सकाळी निरोप आला, म्हणून एक टँकर तिकडे वळवायचा होता. कमांड दोन ओळींची. पहिली ओळ सांगत होती, गाव पिशोर कर. दुसरी सांगत होती, फक्त या एका टँकरसाठी. दोन्ही निवडून चालवायच्या. माउस ओढताना बोट आधीच सुटलं, पहिलीच ओळ निवडली गेली आणि न बघता तिने तेवढीच चालवली.

एक नोंद बदलली, असं उत्तर यायला हवं होतं. आलेला आकडा सगळ्या जिल्ह्याचा होता.

बदल पक्का होण्याआधी मागं फिरायची सोय ठेवायची असते. घाईत तीही ठेवली नव्हती. ती उठली आणि साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

“सर, सगळे टँकर पिशोरला गेले.”

“सगळे म्हणजे?” शिवशंकरनी मान वर केली.

“सगळे, सर.”

मग नुसते फोन. अर्ध्या चालकांना रेंज नाही, उरलेले गाडी चालवताना उचलत नाहीत. ती देवाचं नाव घेत एकेक नंबर लावत राहिली. तेवढ्यात हनुमान ड्रायव्हरचाच फोन आला.

“मॅडम, पिशोरला जत्रा हाय का आज? माझ्या पुढं टँकर, मागं टँकर.”

“हनुमानभाऊ, थांबा. रिकामा करू नका.”

“मी तर कवाच वतून मोकळा झालो. हौद भरला, ड्रम भरले. आता लोक हात जोडून म्हणतेत, नको बाबा, बस. पाण्याला नको म्हणताना मी जिंदगीत पहिल्यांदा ऐकलं, मॅडम.”

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तिला तेच ऐकू येत होतं.

उतारा एकच होता, बॅकअप परत टाकायचा. तो रोज दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत घेतला जाई. कालचा सापडला. परत बसवेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मग स्क्रीनवर एकेक गाव आपल्या जागी दिसू लागलं. फुलंब्रीचे टँकर फुलंब्रीला, पैठणचे पैठणला. सगळ्या ओळी हिरव्या झाल्या.

“वाचलो बुवा,” शिवशंकर खुर्चीत मागं टेकले. “चहा सांगा कुणीतरी.”

चहा येण्याआधी अक्षदाचा फोन वाजला.

“अक्षदाताई का? म्या वच्छलाबाई, बोरखोऱ्याच्या वस्तीवरून. सकाळधरनं टेकाडावर उभी हाय. खाली पिशोरात टँकरची ही रांग लागली व्हती! डोळं फाटलं माझं. आता समदे निघाले माघारी. त्यातला आमचा कंचा?”

अक्षदाने वस्तीचं नाव टाकून शोधलं. समोर कोरी जागा आली. पुन्हा शोधलं. पुन्हा कोरी.

या वस्तीची मंजुरी काल संध्याकाळी आली होती. तिनेच नोंद केली होती, तिनेच वच्छलाबाईला फोन करून कळवलं होतं. बॅकअप कालच्या दुपारचा. मधले बदल वेगळे जपून ठेवायची सोय असते, पण डिस्क भरते म्हणून ती शिवशंकरनी उन्हाळ्याच्या आधीच बंद करायला लावली होती. सगळी गावं जागेवर आली, आणि त्याच फटक्यात ही वस्ती पुसली गेली.

“ताई, हायसा का?”

“हो, आजी.”

“तुमी म्हणलात सकाळी टँकर येतो, म्हणून उरलंसुरलं पाणी रात्री मेंढरांला पाजलं. तान्हेली व्हती वो लई. आता घरात घोट नाय. लेकरं जीभ दाखवतेत.”

अक्षदाने टेबलाची कड धरली. “येईल पाणी. दिवस मावळायच्या आत. मी घेऊन येते.”

“तुमी?” पलीकडे म्हातारी हसली. “तुमी कशाला येता उन्हाचं? टँकर धाडा म्हंजी झालं.”

शिवशंकरना तिने सगळं सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, “नोंद नाही तर खेप नाही. उद्या मंजुरी शोधू, परत टाकू. आज आणखी एक खेप काढली तर ती का काढली ते वर विचारतील, आणि सकाळचं सगळं बाहेर येईल. हिरवं दिसतंय ना? राहू दे हिरवं.”

“सर, चूक माझी आहे. वर मीच सांगते.”

“नोकरी जाईल, अक्षदा.”

तिने खुर्चीवरची ओढणी डोक्याला बांधली आणि जिना उतरली.

हनुमानचा टँकर हर्सूलपुढच्या विहिरीवर उभा होता. आजची खेप संपवून तो उद्याच्या पहाटेसाठी भरून ठेवत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारती उठलेल्या, आणि मधल्या मोठ्या फलकावर पोहण्याच्या तलावाचं निळं चित्र.

“मंजुरीबिगर पाणी?” त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “माझं नाव कापतेन, मॅडम.”

“खेपेवर माझं नाव लिहा. सही मी करते.”

त्याने खेपेची वही तिच्यापुढं केली. मग पाइप काढला, झाकण आवळलं. ती पायरीला धरून केबिनमध्ये चढली. त्याने सवयीने फोन समोर लावला.

“नाव काय म्हणलात वस्तीचं?”

“बोरखोरा.”

त्याने बोट फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं. “ह्यात तर अशी वस्तीच नाय, मॅडम.”

“आहे,” अक्षदा म्हणाली. “चला.”