निकालाची दुपार

निकाल दुपारी लागणार होता, आणि अबोलीने सकाळपासून चौथ्यांदा फोन उघडून पाहिला.

“लागेल तेव्हा लागेल,” डॉक्टर कमलाकांत म्हणाले.

“तीन वर्षांची मेहनत आहे, काका.”

“नापास होऊन कोणी मरत नाही.” पण त्यांच्यासमोरचा चहा केव्हाच गार झाला होता.

दर्यापूरजवळच्या या रुग्णालयात ग्रामीण फॅमिली मेडिसिनचं प्रशिक्षण चालायचं. दोघं एकाच टेबलाशी बसत. बडनेऱ्यात कमलाकांतांनी अठ्ठावीस वर्षं दवाखाना चालवला होता; अबोलीला लहानपणी गोवराची लस त्यांनीच टोचली होती. पेशंट आला की ते तपासत, ती शेजारी बसून वहीत टिपून घेई.

नत्थुजी बायकोला घेऊन आत आले. मनकर्णाबाईंच्या गालांची हाडं वर आली होती.

“सायेब, महिना झाला, हे जेवूनच नाई राहिली. अकोल्याले दाखवलं, रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. काईच नाई निंघालं.”

कमलाकांतांनी पोट तपासलं, रिपोर्ट पाहिले. सगळं ठीक. टॉनिक लिहायला त्यांनी पेन उचललं.

अबोली हळूच खोकली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “नत्थुजी, तुम्ही बाहेर जाऊन चहा घ्या बरं.”

दार लागलं. कमलाकांत खुर्ची ओढून बाईंच्या अगदी जवळ बसले. काही विचारलं नाही, नुसते थांबले.

“यायले नोका सांगू,” बाई शेवटी पुटपुटल्या. “यायनं मोठ्या हौसेनं दात बसवून देल्ले. घास चावला का हिरडी सोलते. पण काढून ठेवले तं यायले वाईट वाटन.”

कवळी काढली. खाली हिरडीवर लालभडक जखम होती. दातांच्या डॉक्टरांना फोन झाला. कवळी घासून देतो म्हणाले. तोवर अबोलीने आपल्या डब्यातला शिरा पुढे केला. बाईंनी महिन्याभरात पहिल्यांदा वाटी चाटून पुसून संपवली.

परत आलेले नत्थुजी बघतच राहिले. “एवढंच व्हतं? अन् मले कावून नाई सांगतलं?”

“तुमी आरशात दाखवून म्हणे, नवरीवानी दिसतं!”

नत्थुजी कानापर्यंत लाल झाले. सगळे खदखदून हसले.

तेवढ्यात फोन वाजला. अबोलीने ऐकलं आणि खुर्चीवरून उडीच मारली. “पास! पहिल्याच खेपेला पास!”

नत्थुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “पास झाली पोरगी! नाव काढलं व मायबापाचं!”

“मी नाही हो, बाबा,” अबोली डोळे पुसत म्हणाली आणि झटकन मागे सरली, कारण साठी उलटलेले डॉक्टर कमलाकांत आपल्या मास्तरीणबाईंच्या पाया पडायला वाकले होते.