उजव्या पायाचा बूट

"घट्ट धरा हं. ही हातातून उडी मारते."

त्या बाईंचा आवाज उंच्यापुऱ्या शिडीच्या कानात अजून ताजा होता. लांबलचक व्हरांडा, फिनाइलचा वास, पांढऱ्या कपड्यांतल्या त्या बाई आणि शेजारी श्वास रोखून उभी असलेली बायको. मुलगी हातात आली आणि खरंच अशी उसळली, की तिच्या डोक्यावरची टोपी खाली पडली. दुकानात येईल त्याला तो हा किस्सा ऐकवायचा.

"तान्हं पोर उडी मारतं होय!" नळवाला आजही म्हणाला. "थापांनाही उंची लागते म्हणा. ती तुझ्याकडे आहेच."

शिडी नुसता हसला. बूट शिवणाऱ्याच्या तोंडात खिळे असले की बोलायची सक्ती नसते.

दुकान मैदानाला खेटून होतं. शिडी याच मैदानावर बास्केटबॉल खेळायचा, तिथंच त्याला हे नाव पडलं. आता तो खेळाडूंच्या बुटांचे तळवे बदलायचा आणि समोरच्या बाकावर शौकीन मंडळी खेळाचा कीस पाडत बसायची. आज विषय होता जिराफचा. देशाच्या संघातला सगळ्यांचा लाडका गडी. कालच्या सामन्यात चेंडूसाठी उडाला तो गुडघा धरूनच खाली आला.

"संपला जिराफ," नळवाला म्हणाला.

"असं कुणी संपत नाही. शस्त्रक्रिया करतील, उभा राहील." हे निवृत्त पंच. शिट्टी अजून गळ्यातच असायची.

"उभा राहील हो, उडेल का? त्याच्या बापाचाही हाच गुडघा गेला होता. उडी बापाची घेतली ना, मग गुडघाही बापाचाच मिळणार. वरचा सुटे भाग देत नाही, अख्खी जोडणीच देतो. आपल्या शिडीची पोर, चिमणीच बघा. तीच उडी, हवेत तेच थांबणं. डोळे मिटले तर शिडीच!"

"डोळे मिटल्यावर तुला काय दिसणार, नळवाल्या?"

"रक्त आहे ते, पंच. शिकवून येत नाही."

हे ऐकलं की शिडीची बायको दरवेळी गालात हसायची. आज तिनं चहाचे कप ठेवले आणि ती न हसताच आत वळली. आतल्या दारात, खांद्याला पिशवी लावून, चिमणी उभी होती.

नळवाल्यानं जीभ चावली. गुडघा गेला तेव्हा शिडीचं जे वय होतं, तेच आज चिमणीचं होतं. सांध्याची ठेवणच कच्ची आहे, घराण्यात असते, असं डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. शिडीचे वडीलही लंगडायचे. सगळ्या गल्लीला ही गोष्ट पाठ होती. चिमणीला तर सगळ्यांत जास्त.

"चला, टाइम-आउट," म्हणत पंचांनी नळवाल्याला दंडाला धरून उठवलं. जाता जाता नळवाला शिडीच्या कानाशी वाकला. "खेळ सोड म्हणावं तिला. हे बापानंच सांगायला हवं."

दुकान रिकामं झालं. भिंतीवर चिमणीचा पहिलावहिला फोटो होता, खालचे दोन दात दाखवून हसणारी. त्याच्याखाली तिचे बूट. शिडीनं ते काढून शेजारी शेजारी मांडले. डाव्याचा तळवा झिजून गुळगुळीत झालेला. उजव्याची नक्षी नवीकोरी.

"उजवा पाय टेकतच नाहीस."

"टेकते."

"बुटाला विचारू?"

ती बाकावर बसली. "डॉक्टर म्हणतात, काही नाही झालेलं. मलाही कळतं ते. पण काल जिराफ पडला ना, तेव्हा मला तो आवाज आला, बाबा. तू सांगतोस तो, ओली काटकी मोडल्याचा. टीव्हीवर नव्हता, तरी आला. रोज उडी घेते आणि वाटतं, आज माझा."

"संध्याकाळी निवड आहे. मोठ्या संघाची."

"मी जात नाही. दुकानात बसते तुझ्याबरोबर. टाका येतोच मला." ती कसंबसं हसली. "तुझाच गुडघा आहे, तुझ्याच दुकानात शोभेल."

शिडीनं मान खाली घातली. खेळ गेला, पळणं गेलं, जिना चढतानाचा तोरा गेला. त्या सगळ्यातून एवढंच उरलं होतं: अगदी बापावर गेलीय पोर. ते एक वाक्य ऐकण्यासाठी तो बाकावरच्यांना रोज चहा पाजत आला होता. आता गप्प राहिलं की झालं. पोर इथंच राहिली असती, मांडीला मांडी लावून, त्याचीच म्हणून.

दारात बायको उभी होती.

"सांगा तिला," ती म्हणाली. "इतकी वर्षं सांगायला माझी ना होती. आता नाही."

त्यानं तोंडातले खिळे एकेक करून डबीत टाकले. गुडघा दुखत असूनही खाली बसला. उजवा बूट चिमणीच्या पायात चढवला, नाडी आवळली, गाठ मारली. गाठीवरचा हात त्याला काही केल्या काढवेना.

"माझा गुडघा तुझ्यात कुठून येणार, चिमणे? अनाथाश्रमातल्या बाईंनी तुला आमच्या ओटीत घातलं, तेव्हा तू रांगायला लागली होतीस."