सतरा झाले की आवरा

शेजारच्या मैदानावर लांबून फेकलेला चेंडू शेवटच्या शिटीबरोबर जाळीत पडला आणि वर प्रेक्षकांत बसलेल्या प्रशिक्षक मॅडमचा सगळा हिशेब चुकला. तिथल्या हरलेल्या संघाच्या पंधराचे सतरा झाले. क्षणभर आकडा दिसला, मग पुढच्या सामन्यासाठी फलक पुसला गेला.

पाचच मिनिटांपूर्वी मॅडमनी आपल्या मुलींना छातीठोक सांगितलं होतं, "शेजारच्या हरणाऱ्यांचे फार तर सोळा होतील. तुम्ही जिंकलात तर सोन्याहून पिवळं. पण हरायची वेळ आली तर सतरा करा. सतरा झाले की आवरा. मग धडपड नाही, शॉट नाही. तासाभरात पुढचा सामना आहे आणि आपल्याकडे तीनच जणी उरल्यात." चौथी सकाळीच घोटा मुरगळून बर्फाची पिशवी लावून बसली होती.

बाजारात तुरी, दुसरं काय! हरलेल्यांतून सगळ्यात जास्त गुणांचा एकच संघ पुढे जाणार होता, आणि गुण सारखे झाले तर मानांकनात वरचा. मॅडमचा संघ त्या यादीत तळाला. म्हणजे आता अठरा हवेत. पण हे खाली निळ्या जर्सीतल्या तिघींना सांगणार कोण?

तिघी-तिघींच्या या बास्केटबॉलची तऱ्हाच वेगळी. एकच रिंग, दहाच मिनिटं, एकवीस गुण झाले की खेळ खलास. आणि प्रशिक्षकानं मैदानाकडे फिरकायचंसुद्धा नाही! वर प्रेक्षकांत बसायचं, तोंडाला कुलूप लावून. सकाळी मॅडम न राहवून "हात वर!" असं ओरडल्या होत्या, त्याची एक ताकीद मिळालीच होती. आता नुसती खूण केली तरी संघ दोन वर्षं घरी. पिवळ्या जाकिटातला एक माणूस त्यासाठीच दोन पायऱ्या खाली बसला होता, खेळाकडे पाठ करून, मॅडमच्या तोंडाकडे बघत.

"जिंका गं बायांनो," मॅडम मनात म्हणत होत्या. "नाहीतर वीस करा. काहीही करा, पण सतरावर थांबू नका."

सहा मिनिटं मुलींनी पांढऱ्या जर्सीवाल्यांना घाम फोडला. मग पाय जड झाले. तीनच जणी, बदली कुणी नाही, किती पळणार? पांढऱ्यांचे वीस झाले तेव्हा यांचे पंधरा होते. घड्याळात चाळीस सेकंद. तेवढ्यात कप्तानानं कमानीबाहेरून एक चेंडू टाकला आणि तो आत गेला. दोन गुण. पंधराचे सतरा.

"झाले!" कप्तान ओरडली. "झाले गं! आता आवरा!"

पांढऱ्यांचा पुढचा शॉट हुकला, चेंडू निळ्यांच्या उंच पोरीच्या हाती आला. तिनं तो शहाण्यासारखा कमानीबाहेर आणला आणि चिमणीकडे दिला. वीस सेकंद.

चिमणी संघातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात हावरी. चेंडू हाताला लागायचा अवकाश, की टाकलाच. वर्षभर मॅडमनी तिच्या नावानं शंख केला होता. कालच्या सरावात तर, "एकदा तरी माझं ऐक, नाहीतर उद्याच्या परतीच्या विमानात बस," इतपत बोलून झालं होतं. पोर रात्रभर रडली, असं कप्तान सांगत होती.

आणि आता तिच्यासमोर कुणी नव्हतं. पांढऱ्या जर्सीवाल्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचा सामना जिंकून झाला होता. चिमणीचे हात सवयीनं वर गेले.

"टाक," मॅडमचा जीव ओरडला. "टाक गं बाई! आज ऐकू नकोस!"

चिमणीनं मान वर करून प्रेक्षकांत पाहिलं. थेट मॅडमकडे. पिवळ्या जाकिटवालाही पुढे वाकला. एक मान हलवायची होती, तेवढंच. पण मॅडमना दोन वर्षं दिसली, खालच्या तिघी दिसल्या, बर्फ लावून बसलेली चौथी दिसली. त्यांनी मांडीखाली हात दाबले आणि चेहरा पाटीसारखा कोरा ठेवला.

चिमणी हसली. हात खाली आणले आणि चेंडू कप्तानाकडे दिला. कप्तानानं उंच पोरीकडे, उंच पोरीनं परत चिमणीकडे. शॉट घ्यायची बारा सेकंदांची मुदत संपली, चेंडू पांढऱ्यांकडे गेला. त्यांनीही तो तसाच धरून ठेवला.

"तुमच्या मुली शिस्तीच्या आहेत हो," शेजारी बसलेले पांढऱ्यांचे प्रशिक्षक म्हणाले. "आमच्या ऐकतील तर शपथ!"

शिटी वाजली. वीस-सतरा.

हरलेल्या तिघींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. लोकांना कळेना, या नाचतायत कशाला. चौथी लंगडत त्यांच्यात घुसली. पिवळ्या जाकिटवाला उठला, मॅडमना हसून नमस्कार करून निघून गेला. आता बोलायला कुणाची बंदी नव्हती.

चिमणी धावत कठड्यापाशी आली. घामानं निथळत होती, डोळे नुसते चमकत होते.

"मॅडम, पाहिलंत ना? रिंग मोकळी होती, अख्खी मोकळी! तरी नाही टाकला. तुमच्याकडे बघितलं आणि म्हटलं, नाही, आज ऐकायचंच! आता तरी शाबास म्हणा!"

"शाबास," मॅडम म्हणाल्या, आणि उरलेलं सांगायला कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या.